सेहेचाळीस अंशांचे कॅप्टन

घरबसल्या विमान उडवणाऱ्या मंडळींना विमान आपटण्याचं काही वाटत नाही. धावपट्टीच्या अलीकडे शेतात उतरलं, डोंगराला धडकलं, समुद्रात गेलं, तरी एक बटण दाबलं की तेच विमान इंधन भरून, चकाचक होऊन पुन्हा धावपट्टीच्या तोंडाशी उभं. ना चौकशी समिती, ना ब्लॅक बॉक्स. या लोकांना चारचौघांत कानकोंडं करणारा प्रश्न एकच आहे : "तुम्ही कॉकपिटचा झूम किती ठेवता?"

प्रश्न ऐकून माणूस आधी विचारणाऱ्याचा अंदाज घेतो. आकडा मोठा सांगावा की लहान, यावर आपली सगळी इभ्रत टांगलेली आहे हे त्याला ठाऊक असतं. मग घसा साफ करून तो म्हणतो, "तसा आपला रिअलिस्टिकच." रिअलिस्टिक म्हणजे किती, हे समोरच्याने विचारायचं नसतं. विचारलंच, तर पुढे चहाच्या दोन फेऱ्या ठरलेल्या.

ज्यांनी घरच्या सिम्युलेटरला हात लावलेला नाही, त्यांना यात भांडण्यासारखं काय आहे हे कळणार नाही. म्हणून थोडक्यात सांगतो. माणसाला दोन डोळ्यांनी, मान न हलवता, आडवं १८० अंशांच्या आसपास जग दिसतं. त्यातलं लख्ख दिसतं ते मधले जेमतेम दोन अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढं. बाकीचं सगळं डोळा अंदाजपंचे पाठवतो आणि मेंदू न वाचता सही करतो. घरच्या वैमानिकासमोर असतो दोन फूट रुंदीचा मॉनिटर. या दोन फुटांत जगाचा किती तुकडा बसवायचा, हे प्रोग्रॅम त्यालाच ठरवायला लावतो. जास्त बसवला, तर सगळी घड्याळं, दोन्ही बाजूंच्या खिडक्या, शेजारची रिकामी खुर्ची, सगळं दिसतं; फक्त ज्या धावपट्टीवर उतरायचं ती कुठे आहे ते कळत नाही. कमी बसवला, तर धावपट्टी हवी तेवढी मोठी दिसते. फक्त आपण कुठल्या वेगाने तिच्याकडे चाललो आहोत ते दाखवणारं घड्याळ पडद्याबाहेर जातं.

आमच्या ओळखीत एक कॅप्टन आहेत. डोंबिवलीत राहतात. हयात एका बँकेच्या कर्ज विभागात गेली आणि खरं विमान त्यांनी पाहिलं ते प्रवासी म्हणून, तेही बहुधा मधल्या सीटवरून. पण गॅलरी बंद करून केलेल्या खोलीत योक, पेडल, थ्रॉटल असा सगळा सरंजाम आहे, आणि संध्याकाळी सातनंतर त्यांना त्यांच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारलेली चालत नाही. वहिनीसुद्धा फोन उचलून सांगतात, "ते आत्ता हवेत आहेत. उतरले की करायला सांगते."

कॅप्टनांची सेवा जुनी. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली आला तेव्हा शिकागो म्हणजे पडद्यावरच्या चार रेघा होत्या. कॅप्टन त्यानंतर बऱ्याच उशिरा दाखल झाले, पण शिकागोच्या सरोवराकाठचं मेग्ज फील्ड हेच त्यांचंही माहेर, कारण त्या काळात प्रोग्रॅम उघडला की विमान तिथेच उभं असायचं. डोंबिवली स्टेशनचा कुठला जिना कुठे उतरतो यात त्यांचा आजही गोंधळ होतो. मेग्जची धावपट्टी मात्र डोळे मिटून सापडते. ३० मार्च २००३च्या रात्री शिकागोच्या महापौरांनी, रिचर्ड डेली यांनी, बुलडोझर पाठवून त्या धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या आणि विमानतळ बंद करून टाकला. महापालिका रातोरात धावपट्टी उखडते, हे ऐकून कॅप्टनांना धक्का बसला तो महापालिका रातोरात काही करते याचा.

त्या जुन्या सिम्युलेटरमध्ये झूमचा वाद नव्हता. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात घड्याळांचं चित्र, वरच्या अर्ध्या भागात जग. फाळणी स्वच्छ होती. पुढे त्रिमितीय कॉकपिट आलं. आपण खरोखर आत बसलोय, मान वळवली की खिडकी, खाली पाहिलं की गुडघ्याशी पेट्रोलची चावी, अशी सोय झाली. सुख आलं आणि त्याच्या पाठोपाठ झूमही आला.

कर्ज विभागातला माणूस. "साधारण बरं दिसतं तेवढं ठेवा" हे त्याला पटणार नाही. त्याने कागद मागितला. कागद मिळाला तो भूमितीचा : पडद्याच्या रुंदीचं निम्मं घ्या, त्याला डोळ्यापासूनच्या अंतराने भागा, येईल त्या टॅनचा कोन काढा आणि दुप्पट करा. वहिनींच्या शिवणाच्या डब्यातली टेप आली. २७ इंची म्हणून घेतलेला मॉनिटर आडवा जेमतेम ६० सेंटिमीटर भरला, कारण दुकानदार इंच मोजतो ते तिरके. नाकाच्या मुळापासून पडदा ७० सेंटिमीटर. उत्तर आलं ४६.४ अंश. हा खरा कोन. याच कोनात पडद्यावरची प्रत्येक वस्तू डोळ्याला तेवढीच दिसते, जेवढी ती खऱ्या खिडकीतून दिसली असती. कॅप्टनांनी आकडा वहीत लिहून खाली सही केली.

आता हा आकडा सिम्युलेटरला सांगायचा कसा? एक्स-प्लेन हा सिम्युलेटर या बाबतीत सरळ माणूस : अंश विचारतो, अंश घेतो. मायक्रोसॉफ्टचा २०२० सालचा सिम्युलेटर ० ते १०० अशी पट्टी पुढे करतो. ५० म्हणजे पन्नास कसले, हे विचारायची सोय नाही. त्याच्या आधीच्या पिढीत तर झूम '१.००' असा यायचा आणि तो आकडा बघून अनेक भाबड्या वैमानिकांनी तोच अस्सल मानला. प्रोग्रॅमला बिचाऱ्याला काय माहीत, तुमचा मॉनिटर केवढा आणि तुम्ही खुर्ची किती मागे सरकवून रेलला आहात!

तेव्हा कॅप्टनांनी चंद्र मोजायचं ठरवलं. कल्पना चोख आहे. चंद्र आकाशात अर्धा अंश भरतो, थोडं इकडेतिकडे. तो उगवताना मोठा दिसतो तो निव्वळ भास. अर्धा अंश म्हणजे ७० सेंटिमीटरवर ६ मिलिमीटर. सिम्युलेटरने चंद्र प्रामाणिकपणे काढला असेल, तर खऱ्या झूमवर तो पडद्यावर तुरीच्या दाण्याएवढा दिसायला हवा. रात्रीची वेळ लावून कॅप्टन कॉकपिटच्या काचेतून दिसणाऱ्या चंद्राला प्लॅस्टिकची पट्टी लावून बसले. त्या दिवशी संकष्टी होती. बाहेर ढग. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे उगवला असेल तर मी नैवेद्य दाखवून जेवून घेते."

चंद्र कोणी कितीही मोठा काढू शकतो ही शंका लक्षात घेऊन कॅप्टनांनी दुसरा साक्षीदार उभा केला : धावपट्टी. मोठ्या विमानांच्या धावपट्ट्या सहसा ४५ किंवा ६० मीटर रुंद असतात. ४५ मीटरची धावपट्टी पाच किलोमीटरवरून बघितली तर तीही अर्धाच अंश भरते. म्हणजे पाच किलोमीटरवरून चंद्र आणि धावपट्टी एकाच रुंदीचे. मला हे गणित फार आवडलं. एरवी विमानतळ शोधत बसलेल्या माणसाला 'चंद्राएवढं काहीतरी बघ' हे सांगता येतं.

दोन्ही साक्षी जुळल्या. सेहेचाळीस अंश लागले. आणि कॅप्टनांच्या हालांना सुरुवात झाली.

सेस्ना १७२ हे खऱ्या जगात शिकाऊ वैमानिकांचं लाडकं विमान. १९५५पासून उडतंय. सेहेचाळीस अंशांत त्याचं कॉकपिट म्हणजे समोरच्या काचेचा एक तुकडा आणि खाली तीन-चार घड्याळांची डोकी. फ्लॅपची दांडी उजवीकडे पडद्याबाहेर. ती खाली करायची तर आधी मान वळवायचं बटण दाबून दांडी शोधायची, दाबायची, परत समोर यायचं. तोवर नाक वर गेलेलं असतं. विमानतळाला वळसा घालून उतरताना खरा वैमानिक डाव्या खांद्यावरून धावपट्टीवर नजर ठेवतो आणि ती अमुक कोनात आली की वळतो. कॅप्टनांच्या डाव्या खांद्याला गॅलरीची काच आणि पलीकडच्या इमारतीतलं वाळत घातलेलं धुणं. ते बटण दाबून डावीकडे बघायचे तेव्हा धावपट्टी दिसायची आणि पुढचं दिसायचं नाही. समोर बघायचे तेव्हा पुढचं दिसायचं, पण धावपट्टी केव्हाच मागे गेलेली असायची. कल्याण खाडीवरून वळताना ते एकदा इतका वेळ वळत राहिले की वहिनींनी विचारलं, "पार्किंग मिळत नाहीये का?"

वेगाचंही तसंच. वेग डोळ्याला कळतो तो कडेने. समोरचं जग सावकाश मोठं होतं आणि बाजूचं सुसाट मागे पळतं. सेहेचाळीस अंशांत बाजू कापलेली. त्यामुळे जमिनीवरून धावपट्टीकडे जाताना २० नॉटचा वेग पायी चालल्यासारखा वाटतो आणि घरचा वैमानिक नकळत थ्रॉटल पुढे ढकलतो. पहिल्या वळणावर विमान गवतात जातं तेव्हा त्याला कळतं की आपण पन्नासात होतो. जंबो जेटचे खरे वैमानिकही या फसवणुकीतून सुटलेले नाहीत. त्यांची खुर्ची जमिनीपासून दोन-तीन मजले वर, तिथून जमीन संथ सरकते, म्हणून त्यांनाही डोळ्याऐवजी वेगाच्या आकड्यावर विश्वास ठेवायला शिकवतात.

मग कॅप्टनांनी कोणाला न सांगता ९० अंश लावून पाहिले. काय ती चैन! सगळी घड्याळं हजर, थ्रॉटल हजर, दोन्ही पंख खिडकीतून डोकावताहेत. पण आपण वैमानिकाच्या खुर्चीत नसून मागच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या खांद्यावरून बघतोय असं वाटायला लागतं. कडेची गोल घड्याळं लांबट होतात. आणि मधलं सगळं अडीचपट नाही, पण त्याच्या जवळपास लहान होतं. पाच किलोमीटरवरची धावपट्टी पडद्यावर अडीच-पावणेतीन मिलिमीटर उरते, म्हणजे जवळजवळ बारा किलोमीटरवर असल्याचा आव आणते. खऱ्या वैमानिकांना शिकवलेलं असतं की नेहमीपेक्षा अरुंद धावपट्टी दिसली की आपण फार उंच आहोत असा भ्रम होतो आणि माणूस नको इतका खाली येतो. नव्वद अंशांत जगातली प्रत्येक धावपट्टी अरुंद. घरच्या वैमानिकांची निम्मी विमानं कुंपणाच्या अलीकडे का टेकतात, याचं एक कारण मला इथे सापडतं. उरलेल्या निम्म्यांचं कारण ते स्वतः आहेत.

डोंगरांचीही हीच गत. कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. दहा किलोमीटरवरून पाहिलं आणि ते पायथ्यापासून हजारेक मीटर वर उठलेलं धरलं, तर सेहेचाळीस अंशांच्या पडद्यावर ते सात सेंटिमीटर उभं राहतं. नव्वद अंशांत तीन. सह्याद्रीचा तीन सेंटिमीटर उंच कडा पाहून कुठल्या मराठी माणसाचा ऊर भरून येणार? तरीही बहुसंख्य लोक उडतात ते नव्वदीच्या घरातच, आणि वर तक्रार करतात की ग्राफिक्समध्ये डोंगर बुटके काढलेत.

या प्रश्नावर मंडळींत पंथ पडलेले आहेत. घड्याळांच्या पंथाला बाहेर काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. ते मुंबईहून दिल्लीला ढगातून जातात, ढगातून उतरतात आणि "काय सुंदर फ्लाइट झाली" म्हणतात. देखाव्याचा पंथ कॉकपिटच काढून टाकतो. नुसती खिडकी, नुसता आल्प्स. मधले भूमितीवाले कायम अल्पमतात आणि कायम बरोबर. बरोबर असण्यापलीकडे त्यांना काही मिळत नाही.

खरं तर हा तंटा मॉनिटरपेक्षा कितीतरी जुना, सहाशे वर्षांपूर्वीचा आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की नावाच्या गृहस्थांनी तिथल्या बाप्टिस्टरीचं चित्र एका फळीवर काढलं. मग त्या चित्रालाच भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या पाठीमागून भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र बघायचं. चित्र आणि खरी इमारत एकमेकांशी जुळायची. भोक कशासाठी? तर डोळा नेमका जिथे असायला हवा तिथेच राहावा म्हणून. माणसाला हलायला जागा दिली की तो हलणार आणि चित्र खोटं पडणार, हे त्यांनी ओळखलं होतं. कॅप्टनांना ही गोष्ट सांगितल्यावर ते बराच वेळ मॉनिटरच्या पाठीमागे बघत राहिले. मी ड्रिलमशीन बाजूला ठेवून दिलं.

बरं, सिम्युलेटरच्या मूळपुरुषाने हा प्रश्न कसा सोडवला होता? एडविन लिंक यांचे वडील ऑर्गन बनवायचे. त्या कारखान्यातले भाते आणि हवेच्या नळ्या वापरून लिंकसाहेबांनी १९२९ साली जमिनीवर डोलणारं खोटं विमान केलं. त्यात शिकाऊ वैमानिकाला बसवून वरून झाकण लावायचे. बाहेरचं काहीही दिसत नाही, नुसत्या घड्याळांवर उडायचं. झूम शून्य. एकही तक्रार नाही.

आज विमान कंपन्यांच्या सिम्युलेटरमध्ये काचेपुढे भला थोरला वक्र आरसा असतो, तो दृश्य जणू लांब क्षितिजावरून येतंय असं डोळ्याला पटवतो. दोन्ही वैमानिकांना धावपट्टी नाकासमोरच दिसते. किंमत कोटींत. कॅप्टनांनी त्यावर आपला तोडगा काढला : एक डोळा मिटून उतरायचं. यात तथ्य आहे. दोन डोळे मिळून पडद्याचं अंतर ताबडतोब ओळखतात आणि हा ७० सेंटिमीटरवरचा सपाट पत्रा आहे अशी चुगली मेंदूकडे करतात. एकट्या डोळ्याला ते तितकंसं जमत नाही, म्हणून चित्राला खोली येते. लँडिंग खरोखर सुधारलं. फक्त त्या सुमाराला समोरच्या इमारतीतल्या बाई धुणं काढायला गॅलरीत यायच्या, आणि काचेपलीकडून त्यांना योकही दिसत नव्हता आणि धावपट्टीही नव्हती. नुसते कॅप्टन दिसत होते. वहिनींनी पडदा शिवून लावला.

दुसरा तोडगा दिवाणखान्यातला टीव्ही. ५५ इंची, आडवा १२२ सेंटिमीटर. ७० सेंटिमीटरवरून खरा कोन तब्बल ८२ अंश! म्हणजे घड्याळंही दिसणार आणि भूमितीही राखली जाणार. कॅप्टनांनी वहीत मांडून दाखवलं. वहिनींनी गणिताला आक्षेप घेतला नाही. रात्री आठ ते साडेनऊपर्यंत टीव्ही कोणाचा, एवढंच विचारलं. प्रस्ताव दप्तरी दाखल झाला.

शेवटी एक खरा वैमानिक आला. कॅप्टनांच्या भाच्याचा मित्र, एअरबस चालवतो, एका लग्नाच्या जेवणाआधी वेळ होता म्हणून वर आला. खुर्चीत बसला, मॉनिटरकडे पाहिलं आणि काही न विचारता माऊसचं चाक फिरवून झूम मागे नेला. सेहेचाळीस अंश गेले. कॅप्टनांनी श्वास रोखला.

"काका, घड्याळं नकोत का दिसायला?" तो म्हणाला.

"पण मग धावपट्टी खरी दिसत नाही," कॅप्टन.

"उतरताना परत पुढे घ्यायचा. काय हरकत आहे?"

मग तो सांगत बसला. खऱ्या कॉकपिटमध्येही सगळं आपोआप दिसत नसतं. एअरबसमध्ये समोरच्या दोन काचांमधल्या खांबावर लाल आणि पांढऱ्या गोळ्या बसवलेल्या असतात. लाल गोळीमागे पांढरी झाकली जाईपर्यंत खुर्ची वरखाली, मागेपुढे करायची, तेव्हा डोळा ठरल्या जागी येतो. छोट्या सेस्नात तर त्या गोळ्याही नाहीत. बुटक्या विद्यार्थ्याला नाकापुढची जमीन दिसत नाही, म्हणून तो बुडाखाली उशी घेतो.

उशी! कॅप्टनांचा चेहरा उजळला. सहाशे वर्षांच्या भूमितीला जे सुटलं नव्हतं, ते आकाशात जाऊन आलेली माणसं उशीवर भागवत होती. त्याच आठवड्यात त्यांनी जॉयस्टिकच्या तीन बटणांना तीन झूम नेमून दिले : जमिनीवर ७०, हवेत ८०, उतरताना सेहेचाळीस. वहीत त्याला 'टप्प्याटप्प्याने वितरण' असं शीर्षक दिलंय.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण तीन झूम नीट जमले, तरी घड्याळांवरचे आकडे पुसट दिसताहेत अशी त्यांची कुरकुर सुरू झाली. ग्राफिक्स कार्डाची चौकशी केली, मॉनिटर पुसला, अखेर डोळे तपासले. साठीच्या माणसाला जवळचं वाचायला एक नंबर लागतो, लांबचं बघायला दुसरा. ७० सेंटिमीटर हे नेमकं त्या दोहोंच्या मधलं, कुणाच्याच वाट्याला न येणारं अंतर. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने सवयीने विचारलं, "काका, कॉम्प्युटर किती लांब असतो?" तिला उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळालं आणि पाठोपाठ अंशांत, एका दशांश स्थळापर्यंत. तिने मुकाट्याने लिहून घेतलं आणि खास त्या अंतराचा चष्मा करून दिला. आकडे लख्ख दिसू लागले. मात्र अशा जाड भिंगातून सगळंच किंचित मोठं दिसतं, दोन-चार टक्के, हे तिने सहज म्हणून सांगितलं. ते तिने सांगायला नको होतं.

"म्हणजे सेहेचाळीस नाहीतच," कॅप्टन मला फोनवर म्हणाले. "सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या मधे कुठेतरी. चंद्र परत मोजायला लागणार. येत्या चतुर्थीला येतोस का? वहिनींनी साबुदाण्याचे वडे करायचं कबूल केलंय."